गाण्यातला भोंगा

तो पहिल्यांदा आमच्या चिकूच्या वाडीत आला तेव्हा पुढचं फाटक उघडं असूनही मागच्या वाटेने आला. त्याची आई आमच्याकडे चिकू भरायला यायची. कामाची माणसं मागूनच येतात, त्यामुळे त्यालाही तीच वाट ठाऊक होती. मी वखारीच्या ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्याने चपला काढल्या, मग काय वाटलं कोण जाणे, परत घातल्या.

"माईकवाली तूच ना?"

मी मान हलवली.

"आई सांगते, शेठची मुलगी खोक्यांत बसून एकटीच बोलते."

"मी बोलत नाही," मी म्हटलं. "दुसऱ्यांचं बोलणं साफ करते."

ते खरंच होतं. डहाणूतली इंग्रजी शाळा, मग मुंबईत कॉलेज आणि मग घरी बसून काम. मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या एका कंपनीचे धडे माझ्याकडे यायचे. शिक्षकांचे श्वास, खोकले, पंख्याची घरघर, मागून आलेली कुकरची शिट्टी, हे सगळं काढून धडे परत पाठवायचे. कोणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम बरं वाटायचं. दुपारी चिकूची भरणी आटोपली की वखार मोकळी असायची. पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली आणि मधे एक खुर्ची मावेल एवढी जागा. पुठ्ठा आवाज खातो. इतकी मुकी खोली मला मुंबईतही कुठे मिळाली नव्हती.

त्याला गाणं रेकॉर्ड करायचं होतं. गाणं म्हणजे रॅप, हे त्याने जरा थांबून, मी हसते का ते बघत सांगितलं. तो तलासरीच्या पुढचा, झरीच्या बाजूला डोंगराखाली त्यांचा पाडा. आश्रमशाळेत शिकला होता आणि हद्दीपलीकडे गुजरातेत प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात पाळीवर जायचा. ताल तो मोबाइलवरच बनवायचा. त्याच्या हातात कागद नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "लिहून ठेवलं ना, की माझं तोंड कागदासारखं होतं." मशीनसमोर उभ्याउभ्या तो ओळी जुळवायचा आणि घरी जाईपर्यंत त्या पाठ व्हायच्या.

पहिलं गाणं रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याचं होतं. त्याच्या आईचा अंगठा मशीनवर उमटत नसे, आणि दुकानदार तिला दर वेळी परत पाठवायचा. खोक्यांकडे तोंड करून, डोळे मिटून तो म्हणाला:

बोट माझं झिजलं भाताच्या पेंढ्यात,
मशीन म्हणतं माणूस नाय या बोटात.

मी हेडफोन कानांवर दाबून धरले. शिक्षकांचे आवाज साफ करताना मला नेहमी काहीतरी काढून टाकावंसं वाटायचं. इथे मी त्याचा एक श्वासही काढला नाही.

मग दुसरं गाणं झालं, आश्रमशाळेतल्या पातळ डाळीचं. तिसरं पहाटे टेम्पोत उभ्याने कारखान्यांत जाणाऱ्या बायकांचं. भरतकामाच्या गोल चौकटीत माझी ओढणी ताणून आम्ही ती माईकपुढे धरायचो, म्हणजे त्याचे 'प' आणि 'फ' फुटत नसत. पप्पांना हे फारसं पसंत नव्हतं. ते वखारीत येऊन खोकी मोजल्यासारखं करायचे आणि जायचे. मम्मी मात्र दोन कप चहा पाठवायची. त्याचा कप वेगळा असायचा. हे मला दिसायचं, त्यालाही दिसायचं, आणि दोघांपैकी कोणीच त्यावर बोललं नाही. त्या कपावर त्याने कधी ओळ जुळवली असेल तर ती मला ऐकवली नाही.

चौथं गाणं भोंग्याचं.

आमच्याकडे जमीन हलते. किनाऱ्यावर ती एवढीच हलते की कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागतात आणि जेवताना सगळे एकदम गप्प होतात. मग कोणीतरी म्हणतं, "झालं," आणि आमटी पुढे सरकते. त्यांच्या पाड्यावर तसं नाही. तिथे आधी खालून आवाज येतो, मोठी गाडी घराखालून गेल्यासारखा, आणि मग दणका. एका हिवाळ्यात हादरे फार वाढले तेव्हा माणसं तंबूत झोपली. पुढे तंबू फाटले आणि माणसं घरात परत गेली. हादरे पूर्ण थांबले असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता कोणी विचारतही नव्हतं.

त्यातच पाड्यामागच्या डोंगरात दगडाची खदान. तिथे सुरुंग लावतात. सुरुंग उडाला की भिंती हलतात आणि भांडी वाजतात, अगदी तसंच.

त्याची आई एकदा खोक्यांत चिकू लावत बसली होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, "मग तुम्हाला कळतं कसं? सुरुंग की भूकंप?"

"भोंगा," ती म्हणाली. "सुरुंगाच्या आधी खदानवाले भोंगा देतात. भोंगा झाला नि हाललं, तर बसून राहायचं. कशाला उठायचं, भाकर करपते. भोंगा नाय झाला नि हाललं, तर पोरं उचलायची नि पळायचं."

"आणि दोन्ही एकदम आलं तर?"

तिने हातातला चिकू देठाकडून पाहिला, नीट लावला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "बघ गं, शाळेत काय काय शिकवतात." दोघी हसल्या. मीही हसले.

नवीन घर त्यांना योजनेतून मिळालं होतं, विटांचं. त्याआधीचं कुडाचं होतं, कारवीच्या काठ्यांना शेण-माती लिंपलेलं. कुडाचं घर हलतं आणि परत उभं राहतं, असं ती सांगायची. विटांच्या घराला पहिल्याच वर्षी खिडकीपासून छतापर्यंत भेग गेली. तिने भेगेवर देवीचं कॅलेंडर लावलं. भेग वाढली की कॅलेंडर थोडं वर सरकवायचं.

भोंगा रेकॉर्ड करायला आम्ही दोघं त्याच्या बाइकवरून गेलो. खदानीच्या रस्त्यावर एक माणूस लाल फडकं घेऊन उभा राहतो आणि सुरुंगाच्या वेळी गाड्या अडवतो. त्याने आम्हालाही अडवलं. आम्हाला तेच हवं होतं. मी रेकॉर्डर एका दगडावर ठेवला.

भोंगा खालच्या सुरात सुरू झाला आणि चढत गेला. सगळ्यात वर जाऊन तो चिरकला, घसा बसलेल्या माणसासारखा. मग बंद. त्यानंतर जी शांतता आली तिच्यात गवतातला किडासुद्धा वाजत नव्हता. लाल फडकेवाला आमच्याकडे पाठ करून बसला आणि त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. आणि मग डोंगर उडाला.

घरी येऊन ऐकताना तो म्हणाला, "स्फोट काढ."

"सगळ्यात जोरदार तोच आहे."

"तो लोकांच्या पोटात आहे. मला भोंगा पाहिजे नि त्याच्यानंतरचं ते काय नाय, ते पाहिजे."

त्या 'काय नाय'मध्ये त्याने त्याच्या ओळी टाकल्या. वाजणारं काहीच नाही, नुसता त्याचा आवाज, कानाशी बोलल्यासारखा:

भोंगा झाला, सुरुंग आहे, बस.
भोंगा नाय, धरतरी आहे, पळ.

धरतरी म्हणजे त्यांच्या बोलीत धरणी. पुढच्या कडव्यांत डोंगर कोणाचा, दगड कुठे जातो, त्या दगडाच्या रस्त्यावरून कोण जातं, हे सगळं होतं. पण लोकांच्या तोंडात राहिल्या त्या दोन ओळीच. आणि भोंगा.

गाणं आम्ही इंटरनेटवर टाकलं, पण ते इतकं चालेल असं वाटलं नव्हतं. तलासरीच्या नाक्यावर वाजलं, उधव्याच्या बाजारात वाजलं. मग हळदींमध्ये शिरलं. आमच्याकडे हळदीला टेम्पोवर डीजे लावतात आणि अख्खा पाडा नाचतो. एका हळदीचा व्हिडिओ त्याने मला पाठवला. भोंगा चढतो, चिरकतो, बंद होतो. 'बस' म्हटल्याबरोबर सगळा मांडव खाली बसतो, नवरदेव, पिवळ्या साडीतल्या बायका, म्हातारे, सगळे. उकिडवे बसून वाट बघतात. 'पळ' आलं की किंचाळत उठतात. त्याने खाली लिहिलं होतं, "बघ, सगळ्यांना बसवलं." मी त्याला हसण्याचं चिन्ह पाठवलं. मग तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला, आवाज बंद करून. इतकी माणसं एकदम खाली बसताना आवाजाशिवाय बघवत नव्हती. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्यानंतर मुंबईच्या एका संगीत कंपनीचा फोन आला. ते गावागावांतल्या रॅपरांचा एक अल्बम काढत होते आणि भोंग्याचं गाणं त्यात पहिलं ठेवणार होते. पुढे आणखी गाणी, आणि मोठ्या शहरांत कार्यक्रम. फोनवरचा माणूस इंग्रजीत बोलायचा, म्हणून फोन मी घ्यायचे. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं मला जड जातं. तो समोर उकिडवा बसून माझ्या ओठांकडे बघत राहायचा.

"काय सांगतो?"

"आवाज आवडला म्हणतो. तुझा."

"माझा का भोंग्याचा?"

"दोन्ही."

त्याने कारखान्यात सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून येणार नाही. मुकादम म्हणाला म्हणे, "हिरो झाला काय रे? बादलीवर नाव टाकू तुझं?" हे सांगताना तो इतका खूश होता की त्याने मम्मीने पाठवलेला चहा उभ्यानेच, एका दमात संपवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, डोंगराच्या बाजूला शेजारच्या पाड्यावर हळद होती. खदानीचे ट्रकवाले, दगड फोडणारे, भोंगा देणारा, सगळे तिथे नाचायला गेले होते. खदान बंद होती. पाड्यावर कोण कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आईलाही ठाऊक असणार. पण हात कामात असतात तेव्हा माणूस डोक्याने ऐकत नाही. ती शेजारणीबरोबर घरात वाल सोलत बसली होती. दुपार कलली होती. डोंगराच्या बाजूने भोंगा आला, चढला, चिरकला, बंद झाला. आणि जमीन हलली.

शेजारीण अर्धी उठली होती. ती नंतर मला म्हणाली, "मी उठले नि तिने माझा पदर धरला. म्हणे, बस गं, सुरुंग आहे. मी बसले. मग वरून माती पडली तशी मी पोरासारखी रांगत भायेर आले. ती मात्र बसूनच होती. वाल गोळा करीत होती."

कॅलेंडरची भिंत आत पडली. तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

तो हळदीतच होता. नाचणाऱ्यांना हादरा कळलासुद्धा नव्हता, डीजेच्या दणक्यात पाय तसेही हलत होते. त्याला बोलवायला माणूस धावत गेला तेव्हा लोकांनी गाणं पुन्हा लावलं होतं आणि सगळा मांडव खाली बसलेला होता.

मी पप्पांबरोबर हद्दीपलीकडच्या दवाखान्यात गेले. ती खाटेवर होती, पायाला वजन बांधलेलं. मला बघून तिने खाटेच्या कडेवर हात आपटला, बस म्हणून.

"बाय, शेठ पण आले? वाडीत भरणी कोण बघतं?"

"तू ते सोड," पप्पा म्हणाले. ते तिथे फार वेळ थांबू शकले नाहीत. बाहेर जाऊन उभे राहिले.

तो भिंतीला टेकून उभा होता. आई त्याच्याकडे न बघता मला सांगत होती, बाजारात काय झालं ते सांगावं तशी. "भोंगा वाजला ना. मी म्हटलं सुरुंग. नायतर मी काय बसणारी आहे? मी तर सगळ्यांच्या आधी पळते." मग थोड्या वेळाने, "खदान तर बंद होती. मग वाजवला कोणी?"

त्याने तिला सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाटेखालच्या चपलांकडे बघत राहिले.

तेवढ्यात खदानीचा सुपरवायझर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात शहाळी आणि बिस्किटांचा पुडा. बाईंची चौकशी केली, डॉक्टरांशी ओळख आहे म्हणाला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. जाताना सुपरवायझरने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"भावा, लोक आमच्या नावाने बोंब मारायला लागलेत. पण आमचा भोंगा त्या दिवशी कुलपात होता. चावी माझ्या खिशात." त्याने खिसा थोपटला. "तुझा होता तो. गाणं छान आहे हां. माझा पोरगा पण ऐकतो."

आवाज चढवलेला नव्हता. शहाळी त्याने नीट, कलंडणार नाहीत अशी खाटेखाली लावली. तो गेल्यावर आई बराच वेळ मुलाकडे बघत होती.

"तुझ्या गाण्यातला?"

"हो."

तिने डोळे मिटले आणि नंतर आम्ही निघेपर्यंत उघडलेच नाहीत.

कंपनीच्या माणसाचा फोन दोन दिवसांनी यायचा होता. गाणं त्यांना द्यायचं की नाही ते तोपर्यंत ठरवायला हवं होतं. तो वखारीत आला, या वेळी पुढच्या फाटकाने, आणि मला म्हणाला, "भोंगा काढून वाजवून दाखव."

मी काढला. ते माझं रोजचंच काम होतं, थोडाही वेळ लागला नाही. भोंग्याच्या जागी शांतता ठेवली आणि गाणं लावलं. कडवं संपलं, काहीच झालं नाही, मग गाण्यात तो म्हणाला, भोंगा झाला. कुठे झाला? ऐकणाऱ्याला काही झाल्यासारखं वाटतच नव्हतं. एक मुलगा खोलीत एकटाच काहीतरी सांगत होता.

"हे कोणी नाय ऐकणार," तो म्हणाला.

मग त्याने डफ टाकून पाहिला, शिट्टी टाकून पाहिली. स्वतः तोंडाने भोंगा काढून पाहिला आणि आम्हा दोघांनाही हसू आलं, पण ते तिथेच थांबलं.

"तू काय सांगशील?" त्याने विचारलं.

"मी दोन्ही फाइल्स ठेवते. तू ठरव."

"ते उत्तर नाय."

मला माहीत होतं. पण त्याच्या आईची भिंत आणि त्याचं सगळं पुढचं आयुष्य यांच्यामध्ये बोलायचा मला हक्क आहे असं वाटत नव्हतं. वेगळ्या कपातून त्याला चहा देणाऱ्या घरातून मी बोलत होते. मी म्हटलं, "दवाखान्यात आईने विचारलं होतं ना, वाजवला कोणी म्हणून. पुढच्या वेळी आणखी कोणी विचारलं तर?"

तो उठून खोक्यांकडे तोंड करून उभा राहिला, गाताना राहायचा तसा.

फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला. झालेलं सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस खरंच हळहळला, तो वाईट नव्हता. मग म्हणाला, भोंगा हीच गाण्याची ओळख आहे, तो काढला तर गाणं उरत नाही. सुरुवातीला एक सूचना टाकू, की हा आवाज खरा नाही.

"ती सूचना मांडवात कोणाला ऐकू जाईल?" मी इंग्रजीत विचारलं. अनोळखी माणसाला मी असं उलट कधी बोलले नव्हते. पलीकडचा माणूस म्हणाला, कंपनीचं मत मी सांगितलं, निर्णय कलाकाराचा.

तो ऐकत होता. त्याला इंग्रजी वाटतं त्यापेक्षा जास्त कळायचं. "सांग त्याला, देत नाय," तो म्हणाला. "नि आपलं पण काढ. सगळीकडून."

मी सांगितलं, आणि त्याच्यासमोर सगळीकडून गाणं उतरवलं. खाली लोकांनी लिहिलेलं सगळं गाण्याबरोबर गेलं. कंपनीचा फोन परत आला नाही. कारखान्यात त्याच्या जागी दुसरा लागला होता.

पण गाणं गेलं नव्हतं. ते माणसांच्या मोबाइलमध्ये होतं, डीजेंच्या पेनड्राइव्हवर होतं, रिक्षांमध्ये होतं. उधव्याच्या बाजारात आम्ही एका मोबाइलच्या दुकानापुढून जात होतो आणि आतून भोंगा चढला. समोर सुकी मासळी विकणारी बाई भाव करत होती, तिची मानसुद्धा वळली नाही. तो आत गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "हे बंद कर. माझं गाणं आहे."

दुकानदाराने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझं? मग तर अजून मोठ्याने लावतो. बस ना, चा पी."

"नाय, बंद कर. डिलिट मार."

"अरे तू बनवलंस ना? मग कशाला चिडतोस? गिऱ्हाईक मागतं." आणि शेजारच्याला गुजरातीत म्हणाला की कलाकार लोकांचं डोकं असंच असतं.

त्यानंतर तो घरोघर फिरायला लागला. आधी त्याचा पाडा, मग आजूबाजूचे. कधीकधी मी बरोबर जायचे. मी काही बोलायचे नाही, पण शेठची मुलगी आली म्हणून लोक थोडं नीट ऐकायचे. तो मोबाइलमधलं गाणं काढायला सांगायचा. आणि सांगायचा, भोंगा ऐकून बसू नका, भोंगा होवो की न होवो, हाललं की बाहेर या. लोक हो हो म्हणायचे. काही जण त्याच्यासमोर गाणं काढायचे आणि वर म्हणायचे, एकदा ऐकव ना तोंडाने.

एका पाड्यावर दुपारची वेळ होती. घर विटांचं, आत चुलीवर भात. घरधनीण हातात पळी घेऊन त्याचं ऐकत होती. दारात आणखी दोघीतिघी येऊन टेकल्या होत्या.

"मग आता हाललं तर कशावरून ओळखायचं?" तिने विचारलं.

"ओळखू नको, मावशी. बाहेर ये."

"सुरुंग रोजचे. दिवसभर भायेरच बसू काय? तंबू देतोस?"

दारातली एक म्हणाली, "त्याला विचारतेस काय, तो मुंबईला जाणार होता ना?"

"नाय गेला," दुसरी म्हणाली.

"का रे, नाय घेतला?"

सगळ्या हसल्या. तोही थोडा हसला. आणि तेव्हा भोंगा झाला.

लांबून आला, खालच्या सुरात सुरू झाला आणि चढायला लागला. वारा होता. मधे तुटत होता, परत लागत होता. सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. घरधनीण म्हणाली, "खदान का तू?"

तो ऐकत होता. मीही ऐकत होते. तो आवाज मी हेडफोनमध्ये इतक्या वेळा ऐकला होता की तो कुठे चिरकतो ते मला झोपेतही सांगता आलं असतं. तो तिथेच चिरकला. पण खदानीचा भोंगाही तिथेच चिरकतो, आम्ही तो तिथूनच घेतला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली, कळत नाही म्हणून.

भोंगा बंद झाला.

"बाहेर," तो म्हणाला.

कोणी हललं नाही.

"बाहेर!" तो ओरडला. त्याच्या कुठल्याही गाण्यात मी त्याचा तसला आवाज ऐकला नव्हता. मग बायका उठल्या, एकीने पाळण्यातलं मूल उचललं, आणि आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो. शेजारच्या घरांत माणसं बसलेली दाराबाहेरूनच दिसत होती. एक म्हातारा आमच्याकडे बघून काहीतरी बोलला आणि परत विडी ओढू लागला. तो म्हाताऱ्याच्या दाराकडे धावला.

डोंगराकडे कोणी बघत नव्हतं. घरधनीण पायांखालच्या सारवलेल्या जमिनीकडे बघत होती, तिच्या हातातली पळी तशीच होती, आणि आतून भात लागल्याचा वास येत होता.

"आत जाऊ?" तिने मला विचारलं.

"नको," मी म्हटलं.